मुझना शहाणी झाली

मुझनाला न्हाण आलं हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं, आणि कळलं तेव्हा माझे हातपाय गार पडले.

दुपारची वेळ होती. शेळ्यांना बोरीचा पाला टाकायला मी खालच्या गोठ्यात उतरले, तर ही कोपऱ्यात उकिडवी बसून मडक्यातल्या पाण्यात फडकं चोळत होती. मला पाहिल्याबरोबर तिने फडकं पाठीमागे लपवलं. चेहरा पांढराफटक.

"कधीपासून?" मी विचारलं.

"शेळीचं रक्त आहे, काकू. कालचं."

"काल कुठली शेळी कापली आपण?"

तिने फडकं पुन्हा मडक्यात टाकलं. मी पाल्याचा भारा टाकला, तिच्याजवळ बसले आणि तिचं डोकं छातीशी धरलं. येमेनमधल्या आमच्या हद्रमौत मुलखात दुसऱ्या कुठल्याही घरी अशा दिवशी मुलीच्या हातावर मेंदी लागते, शेजारणी तोंड गोड करायला येतात, थट्टामस्करी चालते. आमच्या घरात मात्र त्या फडक्याचा अर्थ एवढाच होता, की एका माणसाचं डोकं उडवायची वेळ आली.

हे असं कसं, ते सांगते.

मुझनाचा बाप सालमीन म्हणजे माझा धाकटा दीर. हसरा, बोलका, जरा हट्टी. पुराचं पाणी आलं की आमच्या खजुरांच्या बागांना पाटाने बारी लागते. एका सालच्या बारीवरून शेजारच्या करामाशी त्याची बाचाबाची झाली. करामाने हातातलं फावडं त्याच्या डोक्यात घातलं. सालमीन पाटातच आडवा झाला आणि उठलाच नाही. करामा पळाला नाही. फावडं टाकून तिथेच बसून राहिला आणि लोक आले तेव्हा म्हणाला, "मी मारलं."

सालमीनची बायको शेखा, माझी धाकटी जाऊ, तेव्हा पोटुशी होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. काझींसमोर तिने आणि माझ्या नवऱ्याने, अवदने, जिवाच्या बदल्यात जीव मागितला. करामाची आई फतूम आमच्या उंबऱ्यावर येऊन डोकं आपटून गेली, शेखाने दार उघडलं नाही. काझी म्हणाले, "मागायचा हक्क वारसांचा आहे, ते मी नाकारत नाही. पण पोटात आहे तोही वारस. तो जन्मू दे, शहाणा होऊ दे, स्वतःच्या तोंडाने बोलू दे. तोवर करामा कैदेत राहील."

मुलगी झाली. करामाच्या पायात बेड्या पडल्या आणि तो सुलतानाच्या किल्ल्यात गेला.

त्यानंतर आमच्या गावाने त्या पोरीला वाढताना जसं पाहिलं, तसं कुठल्याच पोरीला पाहिलं नसेल. दात पडला तरी बायका एकमेकींकडे बघायच्या. उंची वाढली की विहिरीवर कोणी तरी म्हणायचंच, "शेखा, पोरगी भराभर वाढतेय गं." शेखा मान ताठ ठेवून घागर भरायची. आणि फतूम, जी त्याच विहिरीवर यायची, ती मुझना दिसली की आपली गवती टोपी डोळ्यांवर ओढून दुसऱ्या वाटेने निघून जायची. साठीची बाई, पण चिमुरडीला घाबरून वाट बदलायची. मुझनाही तिला घाबरायची. लहान असताना तिला वाटायचं, किल्ल्यातला माणूस राक्षस आहे आणि आपण मोठ्या झालो की त्याला सोडतील आणि तो आपल्याकडे येईल. शेखा तिला झोपवताना सांगायची, "तू मोठी झालीस की त्याला बघून घेऊ." पोरीने त्यातलं 'मोठी झालीस की' एवढंच धरून ठेवलं.

गोठ्यात त्या दिवशी ती मला म्हणाली, "काकू, आईला सांगू नकोस."

"अगं, हे लपतं का?"

"पंधरा वर्षं पुरी झाली की तसंही विचारतीलच, मला माहीत आहे. तोवर तरी लपव. मी आत्ता काझींपुढे गेले तर मला बोलावं लागेल. 'मागते' म्हटलं की तो मरेल. 'नाही' म्हटलं की आई..."

मी लपवलं. अवदला सांगितलं नाही, शेखाला सांगितलं नाही. फडकी मी माझ्या कपड्यांत धुवायची, गच्चीवर माझ्या ओढणीखाली वाळवायची. पण एक गोष्ट माझ्या हातात नव्हती. त्या दिवसांत बाईला नमाज माफ असते, किंबहुना पढायचीच नसते. आणि आमच्या घरात शेखा पाचही वेळा पोरीला शेजारी उभी करायची. बसली तर आई विचारणार, का बसलीस. म्हणून ही उभी राहायची. आईच्या खांद्याला खांदा लावून वाकायची, माथा टेकायची, आणि नंतर माझ्याकडे येऊन माझा हात घट्ट धरायची.

"देव काय करेल गं मला?"

"तू नुसते ओठ हलव. मनात काही म्हणू नकोस."

"त्याला मनातलंही कळतं ना?"

मी स्वतः घाबरलेली होते. घरात कोणी हाक मारली तरी दचकायची. अवद एकदा माझं नाव घेऊन म्हणाला, "बरका, तुला झालंय काय? भाकरी दोनदा करपवलीस."

"डोळे चुरचुरतात अहो, धुराने."

"धूर आज आहे की महिनाभर?" असं म्हणून तो हसला. मला हसू फुटेना.

रमजानच्या आदल्या आठवड्यात फतूम मला बागेत गाठून उभी राहिली. मी खाली पडलेल्या झावळ्या गोळा करत होते. इतक्या वर्षांत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

"बरका," ती म्हणाली, "एकच विचारते. झाली का ती?"

"कोण?"

"खेळू नकोस माझ्याशी. पोर आता खाली बघून चालते. मी पण पोरी वाढवल्यात."

"नाही मावशी. लहान आहे अजून." माझा आवाज मलाच परका वाटला.

ती झाडाच्या बुंध्याला टेकून खाली बसली. मला वाटलं, ही आता पाया पडेल, लपवून ठेव म्हणेल, आणखी दोन वर्षं काढ म्हणेल. ती म्हणाली, "मी गेल्या महिन्यात त्याला भेटून आले. दार वाजलं की तो भिंतीला चिकटतो. जेवण घेऊन आलेला माणूस असला तरी. म्हणतो, आई, तिला कधी विचारणार? विचारून टाका एकदाचं. काय व्हायचं ते होऊ दे, पण हे दार वाजणं थांबू दे." फतूमने टोपीची कड दोन्ही हातांनी धरली. "मी मागायला नाही आले काही. माझं तोंड नाही मागायला. पण ती झाली असेल आणि तुम्ही लपवत असाल, तर माझ्या पोरावर दया करतोय असं समजू नका."

ती टोपी सावरून पाटाच्या कडेने निघून गेली.

मी हे मुझनाला सांगावं की नाही, ते मला ठरवता येईना. शेवटी सांगितलं. ती ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे मी गप्प बसले तरी मीच मारतेय त्याला." नंतर तिने दोन दिवस नीट खाल्लं नाही.

रमजान लागला. पहिले काही दिवस निभावले. मग तिचे दिवस आले. रोजा धरायचा नसतो, पण धरल्यासारखं तर दाखवायचं. मी तिला सांगितलं, कोठारात जा, खजूर आहेत, घोटभर पाणी पी, कोणाला दिसणार नाही. ऊन असं तापलेलं होतं की भिंतीला हात लावला तर चटका बसावा. ती कोठारात गेली, आणि शेखा नेमकी सुकवलेला मोरी मासा आणायला तिच्या मागोमाग आत गेली.

मी जिन्यात होते. ओरडणं ऐकू येईल म्हणून मी कान टवकारले. काहीच आलं नाही. बऱ्याच वेळाने शेखा बाहेर आली. हातात मासा नव्हता. माझ्याकडे तिने असं पाहिलं की मी भिंतीला पाठ टेकली.

"तुला माहीत होतं."

"शेखा, ऐक..."

"किती महिने?"

उत्तराची वाट न बघता ती वर गेली, पेटी उघडली आणि लग्नातल्या चांदीच्या बांगड्या काढून हातात चढवल्या. सालमीन गेल्यापासून तिने त्या घातल्या नव्हत्या. रोजा सुटायच्या वेळी सगळ्यांच्या देखत ती अवदला म्हणाली, "भाऊजी, मुझना शहाणी झाली. ईद झाली की काझींकडे जायचं."

अवदच्या हातातला खजूर तोंडापर्यंत गेलेला तसाच राहिला. मग त्याने पोरीकडे पाहिलं. पोर जमिनीकडे बघत होती.

ईदपर्यंतचे दिवस कसे गेले ते विचारू नका. शेखा पोरीवर कधी हात उगारत नसे, तेव्हाही उगारला नाही. उलट तिचे केस विंचरायची, तेल लावायची आणि विंचरता विंचरता शिकवायची.

"काझी विचारतील, तू कोण? काय सांगशील?"

"सालमीनची मुलगी."

"काय मागतेस?"

"मी..."

"मोठ्याने."

"मी बापाच्या जिवाचा बदला मागते."

"पुन्हा."

मी दाराबाहेर भाजी निवडत बसायची आणि ते ऐकायची. प्रत्येक वेळी पोरीचा आवाज आणखी पोकळ व्हायचा. एकदा मला राहवलं नाही. मी अवदला म्हणाले, "अहो, पोरगी घाबरून अर्धी झालीय. तुम्ही तरी काही बोला."

"बोलू काय? माझा भाऊ होता तो."

"माझाही दीर होता. पण ही त्याचीच मुलगी आहे ना?"

"तू यात पडू नकोस, बरका. आधीच माझ्यापासून लपवलंस तेवढं पुरे झालं." एवढं बोलून तो उठून गेला. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा.

ईदनंतर आम्ही गेलो. काझींच्या घरी वरच्या मजल्यावर दिवाणखाना, आणि मध्ये जाळीची लाकडी भिंत. अलीकडे आम्ही बायका. काझी म्हातारे, आवाज मऊ. त्यांनी आधी अवदला विचारलं, मग जाळीतून शेखाला. मग म्हणाले, "आता तुम्ही दोघं बाहेर बसा. मुलीशी मी एकटीशी बोलणार. तिच्यासोबत एखादी बाई हवी." शेखा म्हणाली, "मी आहे ना." काझी म्हणाले, "तू नाही." म्हणून मी राहिले.

"मुझना," काझी म्हणाले, "तुझ्यावर कोणी जबरदस्ती केली आहे का? मारलंय, धमकावलंय?"

"नाही."

"जबरदस्तीने वदवलेला शब्द मी धरत नाही, मग तो मागण्याचा असो की माफीचा. म्हणून विचारतो."

"नाही," ती पुन्हा म्हणाली. तिने माझं मनगट इतकं जोरात धरलं होतं की नखं रुतली.

त्यांनी तिला काही साधे प्रश्न विचारले. खजुराच्या काढणीत वाटणी कशी करतात, उधार आणि दान यांत फरक काय, असं काहीबाही. तिला समज आली आहे की नाही ते पाहत होते. तिने नीट उत्तरं दिली. मग त्यांनी शिपायाला खूण केली.

साखळ्यांचा आवाज जिन्यावरून वर आला. मुझना माझ्यामागे सरकली. मग दारातून करामा आत आला.

मला तो तरणाबांड, जाडजूड मानेचा आठवत होता. आत आला तो हाडांचा सापळा. दाढी पांढरी, डोळे खिडकीतल्या उजेडाने मिचकावत होते, पुढचे दात गेलेले. बसायला सांगितलं तर आधी भिंत चाचपली. मुझना जाळीला नाक लावून बघत होती. लहानपणापासून ज्याला ती राक्षस समजत आली, तो हा होता, आणि तो तिच्यापेक्षा जास्त कापत होता.

"हा तुझ्या बापाला मारणारा," काझी म्हणाले. "आता नीट ऐक. तू मागितलंस, तर सगळ्या वारसांचं एकमत झालं, आणि याचा जीव घेतला जाईल. तू माफ केलंस, तर तो जीव वाचला. मग तुझी आई, तुझा काका, कोणीही तो परत मागू शकत नाही. त्यांना फक्त रक्ताची भरपाई मिळेल. आणि तूही शब्द मागे घेऊ शकणार नाहीस."

"आणि मी काहीच बोलले नाही तर?"

"तर हा परत किल्ल्यात जाईल आणि तू परत घरी. तू बोलशील तोवर."

करामाने मान उचलली. त्याने हात एकमेकांत घट्ट धरले.

मुझनाने विचारलं, "एकाने माफ केलं तरी पुरतं?"

"एकाने केलं तरी पुरतं."

"मग आईने कधीही केलं असतं तर..."

"तर त्याच दिवशी हा विषय संपला असता. आजही तिला ते करता येईल."

हे आम्हा कोणाला कधी नीट कळलंच नव्हतं. आम्हाला वाटायचं, सगळं या पोरीच्या तोंडावर अडलंय. मुझना माझ्याकडे वळली. तिचे डोळे मोठे झाले होते. मग ती म्हणाली, "आईला बोलवा."

शेखा आत आली. बांगड्या वाजल्या. मुझना तिच्यासमोर उभी राहिली. तिने विचारलं, "आई, तू त्याला बघितलंस का?"

"मला बघायचं नाही."

"एकदा बघ."

"मी तेव्हा मागितलं, आजही मागते," शेखा म्हणाली. आवाज खणखणीत, पण नजर दाराच्या चौकटीवर. "तुझ्या बापाने तुझं तोंडसुद्धा पाहिलं नाही, मुझना. तू त्याला पाहिलं नाहीस. मी दोघांचं पाहणं एकटीने वाहिलंय. आता तू बोल."

मला वाटलं, पोर आता शिकवलेलं म्हणणार. तिचे ओठ तसे वळलेसुद्धा. "मी बापाच्या..." इतकं म्हणाली आणि थांबली. तिने आईचं मनगट धरलं, सोडलं, आणि जाळीकडे तोंड केलं.

"मी माफ केलं."

इतकं हळू, की काझींनी विचारलं, "काय म्हणालीस?"

"मी माफ केलं."

"समजून म्हणतेस?"

"हो. तिसऱ्यांदा विचारू नका. मला भीती वाटतेय."

काझींनी मग विचारलं नाही. त्यांनी लेखनिकाला सांगितलं आणि करामाकडे पाहिलं. करामाला कळलंच नव्हतं. तो शिपायाला विचारत होता, "काय म्हणाली? काय म्हणाली ती?" शिपायाने सांगितलं तेव्हा त्याने हात डोक्यावर घेतले आणि अंग चोरून बसला, जणू कोणी मारणार आहे. खाली अंगणात फतूम होती. तिचा आवाज वर आला, ते रडणं होतं की हसणं, मला आजही सांगता येत नाही.

शेखा जिना उतरून गेली.

करामा आणि फतूम त्याच आठवड्यात गाव सोडून किनाऱ्याकडे गेले. काझींनीच तसं सांगितलं होतं, पुन्हा पाटावर दोन घरांची गाठ पडायला नको म्हणून. फतूमने बाग भरपाईत लावून दिली. अवदने आपला वाटा घेतला. शेखाने आपल्या वाट्याला हातही लावला नाही आणि दुसऱ्या दिवशी पेटी बांधून भावाकडे तरीमला निघून गेली. जाताना पोरीने तिच्या पायाशी बसकण मारली. शेखा तिला ओलांडून गेली.

त्यानंतर पोरगी माझ्या अंथरुणाशेजारी झोपायची. दार वाजलं तरी उठून बसायची. गावात तिचं नाव झालं होतं. बायका यायच्या, तिचा माथा चुंबायच्या, म्हणायच्या, "केवढं मन गं तुझं!" त्या गेल्या की ती मला म्हणायची, "काकू, या खोटं बोलतात. मला दया नव्हती आली. मला नुसती भीती वाटली. 'मागते' म्हटलं असतं तर मी पुन्हा भाकरी कशी खाल्ली असती? म्हणून म्हणाले. देवाला हे चालतं का?"

"चालत असेल," मी म्हणायची.

आणि अवदने एके दिवशी जेवताना, भाकरीचा तुकडा मोडत, अचानक म्हटलं, "सालमीन असता तर ओरडला असता पोरीवर. आणि मग तिलाच खांद्यावर घेऊन फिरला असता." एवढंच. पण त्या दिवसापासून तो माझ्याशी पुन्हा पहिल्यासारखा बोलायला लागला.

खजुरांच्या काढणीला शेखा परत आली. कोणाला कळवलं नव्हतं. सकाळी आम्ही बागेत गेलो तर ती आधीच झाडाखाली बसली होती, बाह्या वर सारलेल्या, हातात बांगड्या नाहीत. चांगला खजूर एकीकडे, किडका एकीकडे, असं निवडत होती. मुझना पाटाच्या अलीकडेच थांबली. पाऊल पुढे पडेना.

शेखाने मान वर केली नाही. "उभी काय राहिलीस? टोपली आण इकडे."

मुझनाने पाटाशी ठेवलेली खजुरांची टोपली नेली. ठेवताना ती कलंडली आणि चार-सहा खजूर खाली सांडले. शेखाने ते पाहिलं. ते वेचले, फुंकर मारून टोपलीत टाकले, आणि सावलीत जरा सरकून तिच्यासाठी जागा केली.